माहेरच्या नावांची यादी

कंट्रोल आणि सी ही दोन बटणं एकदम दाबली की चालू असलेला प्रोग्रॅम जागच्या जागी थांबतो. आमच्या धंद्यात ती दिवसातून पन्नासदा दाबावी लागतात. विचार करून कोणी दाबत नाही, बोटंच दाबतात.

संपादकांनी मला सांगितलं होतं, "सर, क्लासमधल्या गमतीजमती लिहा." गमती पुष्कळ आहेत हो. भुसावळचे एक निवृत्त रेल्वे गार्ड माझ्याकडे शिकायला यायचे. सर्व्हर, म्हणजे पान दाखवणारा प्रोग्रॅम, चालू करायच्या आधी ते खिशातली डायरी काढून वेळ टिपायचे, आणि मग उभं राहून बटण दाबायचे. धुळ्याच्या बॅचमधले एक पेढेवाले प्रोग्रॅम चुकला की स्क्रीनलाच "अरे बापा, ऐक ना" म्हणायचे. असं पानभर लिहिता येईल. पण लिहायला बसलो की प्रत्येक वेळी एकच प्रसंग पुढे येऊन बसतो, आणि त्यात गमतीचं काही नाही. तोच लिहितो.

मी वेबसाइट बनवायला शिकवतो. सोमवार ते शुक्रवार जळगावात, रविवारी धुळ्यात. शिकणारे सगळे नवखे असतात. रुबी नावाची एक भाषा आहे, तिच्यातली एक अगदी हलकी चौकट मी वापरतो. चौकट म्हणजे तयार सांगाडा, त्यात आपण आपलं काम भरायचं. मोठ्या चौकटी घेतल्या तर पहिल्याच दिवशी पन्नास फायली समोर येऊन पडतात आणि माणूस दुसऱ्या दिवशी येत नाही. या चौकटीत एक फाईल आणि चार ओळी. कोणी 'यादी' मागितली तर हे दाखव, कोणी काही पाठवलं तर ते ठेवून घे, एवढंच लिहायचं. पान उघडतं. आपण लिहिलं आणि उघडलं, हे बघून शिकणाऱ्याचा चेहरा जो होतो, त्यासाठी मी इतकी वर्षं घसा फोडला. आईबाप येऊन विचारतात, "सर, यावर नोकरी लागते का?" मी म्हणतो, लगेच नाही लागत, पण डोकं उघडतं. निम्मे तिथूनच परत जातात. जाऊ देत.

माझी शिकवायची पद्धत ठरलेली होती. पहिले चार आठवडे माहिती फक्त प्रोग्रॅमच्या आठवणीत ठेवायची. प्रोग्रॅम चालू आहे तोवर ती असते, थांबला की पुसली जाते. ती कायमची साठवायची कशी, हे पाचव्या आठवड्यात. एका वेळी एकच घास, असं माझं म्हणणं. तास संपेपर्यंत पोरांची यादी टिकावी म्हणून मी वर्गात ओरडत फिरायचो, "सर्व्हर बंद करायचा नाही! सर्व्हर चालू तर सगळं चालू!" मी तापट माणूस आहे. माझं ओरडणं लोकांच्या लक्षात राहतं.

मंगलाताई मुक्ताईनगरच्या अलीकडच्या एका गावातून एसटीने यायच्या. वय पंचेचाळीसच्या आसपास, घरी केळीच्या बागा. मुलगी पुण्याला शिकायला गेली आणि तिचा जुना लॅपटॉप घरी राहिला, तो घेऊन या आल्या. तो इतका रखडत होता की मीच त्यावर एक हलकी फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम टाकून दिली. पहिले तीन तास त्या मागच्या बाकावर एक अक्षर बोलल्या नाहीत. चौथ्या तासाला मी सगळ्यांना यादी करायला सांगितली. कोणी भाज्या घातल्या, कोणी क्रिकेटवाले. मंगलाताईंच्या पानावर दोन रकाने होते. एकावर लिहिलं होतं 'सासरचं नाव', दुसऱ्यावर 'माहेरचं नाव'.

"हे काय?" मी विचारलं. "सोपं काहीतरी घ्या की."

"सर, हेच हवंय मला. यासाठीच आले."

मग त्यांनी सांगितलं. आमच्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलायची चाल होती, कुठे कुठे अजून आहे. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने अंगठीने त्यात नवं नाव लिहायचं. त्या दिवसापासून जुनं नाव संपलं. मंगलाताईंचंही माहेरचं नाव रेखा. त्यांच्या सासूबाई वारल्या, तेव्हा दहाव्याच्या दिवशी एक म्हातारा माणूस काठी टेकत गावात आला. "यमू गेली म्हणे, तिचं घर कोणतं?" असं विचारत तो चार आळ्या फिरला. सगळ्यांनी सांगितलं, आमच्या गावात यमू नावाची कोणी नव्हती. तो परत निघाला होता. शेवटी स्टँडवर कोणीतरी ओळख काढली तेव्हा कळलं, तो सासूबाईंचा चुलतभाऊ. साठ वर्षं सासूबाई त्या गावात राहिल्या आणि त्यांचं नाव घरातल्या एकालाही माहीत नव्हतं.

"मलाही नव्हतं सर," मंगलाताई म्हणाल्या. "मी रोज त्यांच्या पाया पडायची."

मी त्यांना तो विषय घेऊ दिला. चांगलं करत होत्या. चौथा आठवडा संपता संपता त्यांच्या यजमानांचा पाय मोडला आणि त्यांचं येणं थांबलं. पाचवा आठवडा त्यांनी पाहिलाच नाही. मी एक फोन करायला हवा होता. केला नाही. माणसं मधेच सुटतात, हे मला सवयीचं झालं होतं.

दोन महिन्यांनी त्यांचाच फोन आला. "सर, यादी झाली. बघायला या ना. भरीत करते, कळण्याची भाकरी करते." हिवाळ्याचे दिवस होते, भरताच्या वांग्यांचे. मी एसटी पकडून गेलो.

लॅपटॉप बाहेरच्या खोलीत भिंतीशी एका स्टुलावर ठेवलेला होता. इन्व्हर्टरला जोडलेला, झाकण उघडं, खाली धुतलेला रुमाल. वरच्या भिंतीवर चिठ्ठी चिकटवली होती, 'झाकण लावू नये. बंद करू नये.' मला हसू आलं. घरातले सगळे त्याच्याशी कसे जपून वागतात हे त्यांचे यजमान पायाला पट्टी बांधून खाटेवरून सांगत होते, तेव्हाही मी हसलो. दोन महिने कोणी लॅपटॉप बंद का करत नाही, असं मी एकदाही विचारलं नाही. इतकी वर्षं शिकवतोय, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

ओट्यावर शेजारच्या सीताक्का बसल्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या, अंगाने चिपाड, पण आवाज खणखणीत. मंगलाताई म्हणाल्या, "सर, जिवंत बायकांची नावं मी घरोघर जाऊन विचारली. पण ज्या गेल्या त्यांची सगळी अक्कांनी सांगितली. दुसऱ्या कोणाला माहीत नाहीत."

"तुम्हाला कशी काय माहीत?" मी अक्कांना विचारलं.

"अरे भाऊ, नवी नवरी नदीवर धुनं घिऊन आली का मी पह्यलं हेच पुसे, तुहं खरं नाव काय वं? रडे बिचारी. पन सांगे."

मंगलाताईंनी यादी उघडली. दोनशे चौदा नावं. मी वाचत खाली गेलो. द्वारका, माहेरची वेणू. लक्ष्मी, माहेरची कौतिक. सरस्वती, माहेरची धोंडी. मधेच अक्का बाहेरून म्हणायच्या, "ते गेली बाळंतपनात," किंवा "ते लई गोरी व्हती." मला भरून आलं, खरं सांगतो. मी शिकवलेल्या चार ओळींतून कोणी असं काही करील असं मला कधी वाटलं नव्हतं.

"सर, एकच अडचण आहे," मंगलाताई म्हणाल्या. "नवीन नाव सगळ्यात खाली जातं. ते वर आणता येईल का?"

"हात्तिच्या! एका शब्दाचं काम," असं म्हणून मी स्टूल पुढे ओढलं.

शब्द लिहिला. या चौकटीत बदल केला की प्रोग्रॅम थांबवून पुन्हा चालू करावा लागतो. माझ्या बोटांनी कंट्रोल आणि सी दाबलं. पुन्हा चालू केला. एवढं दोन सेकंदांत झालं. आता एक गोष्ट नीट सांगतो, कारण ती मला अजून झोपू देत नाही. त्या क्षणीसुद्धा सगळी नावं समोर दिसत होती. प्रोग्रॅमच्या आठवणीतून ती गेली होती, पण आधी उघडलेलं पान खिडकीत तसंच होतं. नुसता हात मागे घेतला असता, तर दोनशे चौदा नावं वहीत उतरवून घेता आली असती. मी हात मागे घेतला नाही. बदल दिसावा म्हणून पान ताजं करायचं बटण दाबलं.

वर दोन रकान्यांची नावं राहिली. खाली पांढरं.

अक्का तोवर आत येऊन माझ्या खांद्यामागे उभ्या होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं, पण पान भरलेलं आहे की रिकामं एवढं कळत होतं. "कोठी गेल्या वं सर्व्या?" त्या म्हणाल्या.

मला त्याच क्षणी सगळं कळलं. चिठ्ठी कळली, रुमाल कळला, इन्व्हर्टर कळला. बाईने माझा शब्द पाळला होता. सर्व्हर चालू तर सगळं चालू. तो मीच बंद केला. आणि मी काय केलं? खोटं बोललो. "लॅपटॉप जुना आहे ना, कधी कधी असं होतं. मी जळगावला नेतो, बघतो, येईल परत." मंगलाताईंच्या चेहऱ्यावर पूर्ण विश्वास होता. त्यांनी ताट वाढलं. मी जेवलो. जेवलो आणि लॅपटॉप पिशवीत घालून निघालो.

तीन दिवस मी तो उकरत बसलो. सापडणार नाही हे मला माहीत होतं, तरी बसलो, कारण जाऊन सांगायची हिंमत नव्हती. प्रोग्रॅम आपल्याकडे काय काय आलं याची एकेक ओळ लिहीत जातो, ती मिळाली. अमक्या दिवशी, दुपारी अमक्या वेळी काहीतरी आलं, ठेवून घेतलं. काय आलं ते नाही. नवशिके आळशीपणाने माहिती ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीतून पाठवतात, तसं मंगलाताईंनी केलं असतं तर प्रत्येक नाव त्या ओळीत उतरलं असतं. पण मी शिकवलं तसं त्यांनी अगदी बिनचूक केलं होतं. एका दुपारी तीन ते पाचच्या मधे सदतीस ओळी होत्या. त्या दुपारी दोघी ओट्यावर बसल्या असतील, एक सांगतेय, एक टाईप करतेय. मी त्या ओळी बघत बसायचो आणि स्वतःला शिव्या द्यायचो.

चौथ्या दिवशी गेलो. मंगलाताई दारातच भेटल्या. मी चप्पलही काढली नाही. म्हटलं, "ताई, नावं गेली. लॅपटॉपचा दोष नाही. मी बंद केलं म्हणून गेली. आणि कायमचं कसं ठेवायचं ते मी तुम्हाला शिकवलंच नव्हतं."

त्यांनी माझ्या हातून लॅपटॉपची पिशवी घेतली. मग म्हणाल्या, "तुम्हाला हे त्या दिवशीच कळलं होतं?"

"हो."

"सर, परवा सकाळी अक्कांना झटका आला. वाचा गेली."

मी ओट्याकडे बघितलं.

"तुम्ही तेव्हाच सांगितलं असतं," त्या म्हणाल्या, आवाज न चढवता, "तर मी त्याच संध्याकाळी वही घेऊन त्यांच्याकडे बसले असते. दुसरा दिवसही मिळाला असता. दीड दिवस होता माझ्याकडे."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी आयुष्यभर शिकणाऱ्यांवर ओरडलो, चूक झाली तर लगेच सांगा, लपवू नका, लपवलेली चूक दहापट महाग पडते. आणि माझी पाळी आली तेव्हा पासष्टाव्या वर्षी मी नवख्या पोरासारखा वागलो. मी त्यांची माफी मागितली. त्या "असू द्या" म्हणाल्या नाहीत. "चला," म्हणाल्या, आणि वही घेऊन शेजारी गेल्या.

अक्का खाटेवर होत्या. उजवी बाजू गेलेली, डोळे मात्र जागे. मंगलाताईंनी त्यांचा डावा हात हातात घेतला. "अक्का, आमच्या सासूबाईच्या मोठ्या जावेचं म्हायेरचं नाव काय व्हतं? मी नावं घेते. बराबर आलं का माहा हात दाबजा." आणि त्या सुरू झाल्या. गोदावरी. सोनी. केसर. वच्छला. भागा. आपल्याकडे बायकांची म्हणून जेवढी नावं आहेत, तेवढी एकामागून एक. कधी विसाव्या नावाला अक्कांची बोटं हलायची, कधी पन्नास नावं होऊनही हलायची नाहीत, नुसतं डोळ्यांतून पाणी यायचं. मी बाजूला बसून वहीत लिहीत होतो. चार दुपारी हे चाललं, त्यातल्या दोन दुपारी मी होतो. एकोणीस नावं मिळाली. पाचव्या दिवशी अक्का गेल्या.

जिवंत बायकांची नावं आम्ही पुन्हा घरोघर जाऊन गोळा केली. माझ्या सुट्टीच्या दिवशी मी वही धरून मंगलाताईंच्या मागे फिरायचो. लोक चेष्टा करायचे, "काय सर, बायकांची जनगणना का?" एका घरी म्हातारेबुवा म्हणाले, "हिचं नाव? हिचं नाव हेच, दुसरं कोठून येईन?" आतून आवाज आला, "माहं नाव शेवंता व्हतं." बुवा दाराकडे बघतच राहिले. पन्नास वर्षांचा संसार झाला होता.

क्लासमध्ये मी आता पहिल्याच तासाला माहिती कायमची साठवायला शिकवतो. पान कसं उघडायचं ते नंतर. शिकायला जड जातं, दोन-चार जण जास्त गळतात. गळू देत. धुळ्याच्या बॅचला मी हा सगळा प्रकार नावानिशी सांगितला, माझ्या खोट्यासकट. पेढेवाले उठून बाहेर गेले आणि बऱ्याच वेळाने परत आले.

मंगलाताईंनी नवा प्रोग्रॅम स्वतः लिहिला. मागच्या महिन्यात त्यांनी पुन्हा बोलावलं. यादी साठवलेली होती, पेनड्राइव्हवर एक प्रत, पुण्याला मुलीकडे एक. पण त्या अडल्या होत्या. ज्या बायकांची माहेरची नावं आता कोणालाच माहीत नाहीत, त्यांची नोंद प्रोग्रॅम घेत नव्हता. ती माझीच शिकवण. रकाना रिकामा असेल तर नोंद नाकारायची, लाल अक्षरांत चूक दाखवायची, ही शिस्त मी सगळ्यांना लावतो.

"ते बरोबरच आहे," मी म्हटलं. "अर्धवट नोंद ठेवू नये. यादी खराब होते. नाव मिळालं की घाला."

"मिळणार नाही सर. ज्यांना माहीत होतं त्या अक्का होत्या."

मी पुन्हा ती लाल अक्षरं वाचली.

"नाव नाही म्हणून ती बाई नव्हती का?" त्या म्हणाल्या.

त्यांनी नोंद नाकारणाऱ्या त्या दोन ओळी काढून टाकल्या. मग एकेक नोंद केली. सासरचं नाव, पुढे काही नाही. सासरचं नाव, पुढे काही नाही. अशा बऱ्याच झाल्या. झाल्यावर त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

"तुमच्या आईचं घाला सर. आपल्या गावच्या नसल्या तरी चालेल."

मी पहिल्या रकान्यात लिहिलं, सुशीला. दुसऱ्यावर बोट थांबलं. आई पिंपळनेरकडची. मामा सगळे तिच्याहून लहान, तिला अक्का म्हणायचे. वडील "ऐकलं का" म्हणायचे. लहानपणी एकदा शाळेत कोणीतरी काही सांगितलं म्हणून मी तिला विचारलं होतं, तुझं आधीचं नाव काय? ती भाकरी थापत होती. म्हणाली, "मनं नाव काय करस तू? मी तुनी माय शे, बठ्ठं त्यामां उनं." म्हणजे सगळं त्यातच आलं. मी खेळायला पळालो. पुन्हा विचारलं नाही.

तिथूनच पिंपळनेरला मामेभावाला फोन लावला. तो म्हणाला, "आत्यानं नाव? सुशीला शे ना?" मी म्हटलं, त्याच्या आधीचं. तो विचारात पडला. घरात कोणाला तरी विचारून आला. म्हणाला, "भाऊ, आते सांगाले कोनीच नही राहिनं."

मंगलाताई खिडकीबाहेर केळीच्या बागेकडे बघत होत्या, मला वेळ देत होत्या. मी दुसरा रकाना रिकामा ठेवला आणि बटण दाबलं. लाल अक्षरं आली नाहीत. यादीत सगळ्यात वर माझी आई आली, अर्धी.